पाळकसाहेब, जरा मागं घ्या

आमच्या चर्चमधी एक माणूस भर प्रवचनात हात वर करायचा.

शंका विचारायला न्हाय. साक्ष द्यायला बी न्हाय. पाळकसाहेब रंगात आलेले असायचे, पुढच्या बाकावर पंचमंडळी डोळे मिटून माना डोलवत असायची, आन् मधल्या रांगेतनं हा हात वर. "पाळकसाहेब, जरा मागं घ्या. माझं मन बाहेर गेल्तं."

पाळकसाहेब गरीब माणूस. थांबायचे. "कुठनं घेऊ?"

"मेंढपाळ डोंगर उतरायला लागला म्हणलात, तिथपस्तोर मी इथं होतो. मग मी तुरीच्या डाळीवर गेलो. डाळीवरनं मेव्हण्याकडं गेलो. मेव्हण्याच्या घरनं आत्ताच वापस आलोय."

आमी पोरं बाकाखाली तोंडं घालून हसायचो. बायांचे पदर तोंडाला. आन् थोरले पंच सावकाश मान वळवून असं बघायचे, की जणू चर्चमधी म्हैस शिरली. त्यांचं खतांचं दुकान हाय, आन् बोलायच्या आधी दोनदा खाकरल्याशिवाय त्यांचा आवाज सुटत न्हाय. "उंहूं, उंहूं. हे चर्च हाय का चावडी?"

"चर्च हाय," हात वर केलेले ते मामा म्हणायचे. "म्हणून तर माघारी आलो. चावडी असती तर मेव्हण्याकडंच जेवलो असतो."

ह्या माणसाला आमच्या लोकांनी कसं वागवलं ते सांगितल्याबिगर मला जेवण गोड लागणार न्हाय. म्हणून सांगतो. कुणाला राग आला तर येऊ द्या. मला तर कवाचा आलाय.

मी नकल्या हाय. पाळकसाहेबांची करतो, थोरल्या पंचांची करतो, कॉलेजच्या प्राचार्यांची तर त्यांच्याच निरोप समारंभात केली आन् त्यांनीच वन्समोअर दिला. पण सगळ्यात आधी शिकलो ती मामांची. मामा म्हणजे सख्खे न्हवं. ते आमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. जाळीच्या केबिनमधी बसायचे, गाड्या सोडायचे, माईकवर बोलायचे. अख्खा तालुका त्यांना मामा म्हणायचा. बोलताना आमच्यासारखंच बोलायचे, पण माईकचं बटण दाबलं की माणूस बदलायचा. आधी फू फू. मग नाकातनं एकदम पुस्तकातलं मराठी. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. तुळजापूर मार्गे सोलापूरला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आऽऽहे." तो 'आऽऽहे' असा लांबवायचे की पळत येणारी म्हातारी 'आऽऽहे' संपायच्या आत गाडीत चढायची. मग खट. बटण बंद.

खट झाल्यावर मामा काय करायचे, ते पासवाल्या पोरांनाच म्हाईत होतं, कारण आमी जाळीला टेकून उभे असायचो. ते खुर्चीत मागं रेलायचे आन् स्वतःलाच विचारायचे, "मन कुठंय?"

आन् खरं उत्तर द्यायचे. तेवढंच त्यांचं येड. "मन भज्यात हाय." "मन गेलंय पोरीच्या सासरी." "मन त्या कंडक्टरच्या नव्या मोबाईलवर हाय, कितीला घेतला आसंल." असं खरं खरं सांगून झालं की म्हणायचे, "प्रभू, लेट हाय, पण आणतो माघारी." मग सुटलेल्या गाडीसाठी एका ओळीची प्रार्थना. ड्रायव्हरसाठी, उभ्यानं जाणाऱ्यांसाठी. दिसभर हेच. गाडी, खट, मन कुठंय, प्रार्थना. पुढची गाडी.

आमाला बी विचारायचे. परीक्षेला निघालेलं पोरगं दिसलं की जाळीतनं, "मन कुठंय रं?"

एकदा मी शहाणपणा केला. संडेस्कूलमधी शिकवलेलं तोंडपाठ होतं. म्हणलो, "देवात हाय मामा."

"खोटं," ते म्हणले. "गाडी सुटायच्या टायमाला कुणाचंच मन देवात नसतंय. खिडकीच्या सीटमधी असतंय. खिडकी म्हण. देवाला खिडकी म्हणलेलं चालतंय. थापा चालत न्हायत."

जेवताना तर लईच मजा. आमच्यात जेवायच्या आधी डोळे मिटून उपकार मानायची पद्धत हाय. मामा आधी मानायचेच न्हायत. निम्मी भाकर झाली की हात थांबवायचे, घास तोंडात तसाच, डोळे मिटायचे. लग्नाच्या पंगतीत वाढप्याला वाटायचं ठसका लागला. पाणी घेऊन पळत यायचा. मी विचारलं, मामा, हे उलटं कशापायी? म्हणले, "आधी भूक असती, तवा उपकार आपोआप निघतेत. निम्म्या भाकरीला मन शेजाऱ्याच्या ताटावर जातंय, त्याला रस्सा जास्त पडला का बघायला. तिथं पकडायचं त्याला."

आता ह्याच्यात कुणाला तरास होता? मला सांगा. कुणाचं काय घेतलं होतं ह्या माणसानं?

पण तरास होता. पुढच्या बाकाला होता. कारण मामांनी हात वर केला की सगळ्या चर्चला कळायचं, की डोळे मिटून बसलेला माणूस आत असंलच असं काय न्हाय. थोरले पंच मान डोलवायचे ती प्रवचनाला डोलवायचे का युरियाच्या गाडीला, हा प्रश्न आमच्यासारख्या पोरांना पडायला लागला होता. आन् मी त्या मान डोलवण्याची नक्कल करायला लागलो होतो. तोंडानं काय न म्हणता, नुसती मान.

मग ती बाजाराच्या दिवसाची भानगड झाली.

माईकचं बटण लई दिवसांपास्नं ढिलं होतं. दाबलं की वर यायचंच न्हाय, नखानं उचलावं लागायचं. मामांनी दोनदा तीनदा सांगितलं होतं. स्टँडचे मोठे साहेब म्हणायचे, बघू. त्या दिवशी स्टँडवर पाय ठेवायला जागा न्हवती. पिशव्या, कोंबड्या, लेकरं. मामांनी सोलापूरची गाडी पुकारली. 'आऽऽहे' झालं. आन् खट झालंच न्हाय.

आमी पासवाली पोरं एकमेकाकडं बघायला लागलो. भोंग्यातनं मामांचा श्वास ऐकू येत होता. मग सगळ्या स्टँडवर, कँटीनमधी, मुतारीमधी, पार रस्त्यापलीकडच्या रसवंतीपस्तोर आवाज गेला.

"मन कुठंय? ... मन साहेबांच्या कानावर हाय. प्रभू, तुझ्यापास्नं काय लपवायचं. सकाळी त्यांनी चार माणसांत मला बावळट म्हणलं, तवाधरनं मी दात खायलोय. त्यांनी केसं काळी केल्यात आन् रंग कानाला बी लागलाय, ते बघून मला हसू येतंय, आन् हसून बरं वाटायलंय. हे काय बरं न्हाय. माझं मन तिथनं काढ. त्यांची आई आजारी हाय, तिला आराम पडू दे. ह्या सोलापूरच्या गाडीवरच्या ड्रायव्हरची झोप झालेली न्हाय, डोळे लाल दिसायलेत, संभाळ. आन् त्या खांबापशी निळ्या ओढणीची पोरगी मघाधरनं रडायलीय. मला केबिन सोडून उठता येत न्हाय. तूच जा. आमेन."

फू फू. "प्रवाशांनी लक्ष द्यावे..."

लक्ष द्यावे? इतकं लक्ष त्या स्टँडवर आजवर कुणी दिलं न्हवतं! कोंबड्या सुद्धा गप होत्या. मग कँटीनचं पोरगं पहिल्यांदा फिसकन हसलं आन् सगळं स्टँड फुटलं. साहेब बाहेर आले ते कान चोळतच आले. पण मी दुसरीकडं बघत होतो. सोलापूरच्या गाडीचा ड्रायव्हर खाली उतरला, नळावर गेला, खसाखसा तोंड धुतलं, आन् कंडक्टरला म्हणला, चहा घेऊन निघू. आन् खांबापशी दोन बाया त्या पोरीजवळ जाऊन बसल्या होत्या. एकीच्या कपाळावर भवानीचा मळवट होता, तुळजापूरला निघालेली. ती पोरीच्या पाठीवरनं हात फिरवत होती. एवढंच घडलं. मी स्वतः बघितलंय.

दुसऱ्या दिवशी तक्रार तयार. मामांनी सरकारी भोंग्यावरनं धर्माचा प्रचार केला म्हणं!

कसला प्रचार? कुणाचा धर्म बदलला? एका ड्रायव्हरनं तोंड धुतलं! कानाच्या रंगाचा राग होता, माझ्यासारख्या येड्या पोराला बी कळत होतं. पण कानाचा राग कागदावर लिहिता येत न्हाय. धर्माचा लिहिता येतोय. त्याला वजन येतंय. साहेबांचा मला राग हाय, पण खरं सांगू? तेवढा न्हाय. त्या माणसाची भर बाजारात फजिती झाली होती. माझा खरा राग आमच्याच लोकांवर हाय.

जिल्ह्याचे अधिकारी चौकशीला येणार होते. त्याच्या आदल्या सांजच्याला पंचमंडळी मामांच्या घरी आली. मी तिथंच होतो, मामांच्या रेडिओचा सेल बदलत होतो. मला वाटलं, सगळे मिळून जातील, अधिकाऱ्यापुढं उभे राहतील, म्हणतील की हा माणूस कसा हाय ते आमाला म्हाईत हाय. मामींनी बी तेच वाटून चांगल्या कपात चहा ठेवला.

थोरले पंच खाकरले. "उंहूं, उंहूं. हे बघा, मार्ग निघालाय. तुम्ही उद्या म्हणायचं, माईक टेस्टिंग करत होतो."

मामांनी कप खाली ठेवला. "टेस्टिंगमधी आमेन म्हणतेत व्हय?"

"म्हणायचं हो. तोंडाला आलं ते बोललो म्हणायचं. प्रार्थना न्हवती म्हणायचं. मिटलं."

"पण होती की."

"अहो, आपण मूठभर लोक हावोत," दुसरे पंच म्हणले. "आपल्याला इथंच राहायचंय. प्रार्थना चर्चमधी करावी, स्टँडवर गाड्या सोडाव्यात. कशाला घोळ घालायचा?"

"प्रार्थना आयतवारी चर्चमधी," मामा म्हणले. "मग बाकीचे सहा दिवस त्यानं काय करायचं?"

"कुणी?"

"प्रभूनं."

मामी आतनं हसल्या. पंचांना हसू आलं न्हाय. थोरल्या पंचांनी आवाज बारीक केला. "तुम्ही ऐकलं न्हाय तर मंडळी तुमच्या मागं उभी राहणार न्हाय. आत्ताच सांगून ठेवतो. नंतर बोल लावू नका."

मामा भिंतीला मागं रेलले. मला वाटलं, आता स्वतःला विचारायलेत, मन कुठंय. मग म्हणले, "भाऊ, इतकी वर्सं चौकशीच्या खिडकीत बसलो. गाडी लेट असली तर लेट म्हणलो. रद्द झाली तर रद्द म्हणलो. लोक शिव्या देत होते तरी न आलेली गाडी आली म्हणलो न्हाय. आता रिटायर व्हायच्या टायमाला एवढं एकच खोटं पुकारू?"

मंडळी उठली. चहा तसाच. मामींनी ते कप धुतले तेव्हा भांड्यांचा जो आवाज आला ना, त्याची नक्कल मला अजून जमली न्हाय, पण अर्थ कळला होता.

भीती मला कळती. आमी थोडे हावोत, हे खरं हाय. पण भीती वाटती तर भीती वाटती म्हणा! मामांनी तेच तर शिकवलं होतं आयुष्यभर, मन जिथं हाय तिथलं नाव घ्या. ह्यांनी भीतीला शहाणपणाचा कोट घातला आन् वर त्याच माणसाला उपदेश केला.

चौकशी केबिनमधीच झाली. आमी पोरं जाळीबाहेर. अधिकारी भला माणूस निघाला. त्यानं स्वतः बटण दाबून बघितलं, ते वर येईना, नखानं उचललं. म्हणला, "बटण खराब आहे, दिसतंच आहे. म्हणजे तुम्हाला ते कुणाला ऐकवायचं नव्हतं."

"एकाला ऐकवायचं होतं," मामा म्हणले. "बाकीच्यांनी फुकट ऐकलं."

आमी हसलो. अधिकारी बी हसला, मग सावरला. "तुम्ही लिहून द्या की तुम्ही माईक तपासत होता. मी इथंच मिटवतो."

"तपासत न्हवतो साहेब. प्रार्थना करत होतो. बटण खराब हाय हे लिहितो, बटणाचं खरं हाय. आन् एक चूक झाली, ती बी लिहितो." ते मोठ्या साहेबांकडं वळले. "तुमच्या कानाचं बोललो. तुमचा अपमान झाला. त्याची माफी मागतो."

झालं! विसरत आलेला कान सगळ्यांना परत आठवला. साहेब लालबुंद. अधिकाऱ्यानं कपाळाला हात लावला. जाळीबाहेर आमची मंडळी कुठं दिसती का म्हणून मी वळून बघितलं. एक न्हाय. कँटीनवाला होता, रसवंतीवाला होता, पानाच्या टपरीवरचा चाचा होता. तो सोलापूरचा ड्रायव्हर ड्युटी नसताना आला होता आन् मोठमोठ्यानं म्हणत होता, "माझं नाव लिहा, मला काय बी तरास झाला न्हाय." आमच्या चर्चचं माणूस म्हणाल तर मी एकटा, आन् मला कोण विचारतंय.

मामांचा माईक काढून घेतला. त्यांना पाठवलं तेरखेड्याच्या अलीकडच्या एका फाट्यावर, पत्र्याच्या शेडमधी, येणाऱ्या जाणाऱ्या गाडीची वेळ वहीत टाकायला. आयतवारी ड्युटी. म्हणजे चर्च बी बंद. आमच्या स्टँडवर आता रेकॉर्ड केलेली बाई बोलती. गोड बोलती. गाडी आली काय, न आली काय, तिला त्याचं सुख न्हाय न् दुःख न्हाय.

आन् आमच्या चर्चमधी थोरले पंच काय म्हणले? पुढच्याच आयतवारी, माझ्यासमोर, चपला घालता घालता. "उंहूं, उंहूं. बरं झालं एका अर्थी. आता उपासना शांतीत होईल."

शांतीत!

मी त्याच दुपारी गाडी पकडून फाट्यावर गेलो. मामा शेडच्या बाहेर उभे होते. तिथं भोंगा न्हाय, माईक न्हाय. फटाक्याच्या कारखान्यावरनं सुटलेल्या चार बाया, एक म्हातारा, एक शेळी. गाडी दिसली की मामा तोंडापुढं हात धरून त्याच नाकातल्या आवाजात, "प्रवाशांनी लक्ष द्यावे." बाया हसत हसत उठायच्या. गाडी गेली. मी बघत होतो, खट कुठनं येणार आता? तर मामांनी जीभ टाळूला लावून तोंडानंच वाजवलं. खट. मग मला बघितलं.

"मन कुठंय रं?"

"थोरल्या पंचांच्या नरड्यावर," मी म्हणलो. "दाबायला."

मामांचे डोळे चमकले. "शाबास! पहिल्यांदा खरं बोललास." मग शेळीला बाजूला सारून माझ्यासाठी बाकावर जागा केली. "आता तिथं गेलाच हाईस तर त्या नरड्यासाठी बी माग काय तरी. लई दिवसांचा खोकला हाय त्यांना. दुकानात खता-औषधांची धूळ असती."

"मी मागणार न्हाय."

"नको मागू. मी मागितलंय. तुझं मन तिथं हाय, एवढं फकस्त त्याला सांगून ठिव. खोटं सांगू नको की मी माफ केलं म्हणून. त्याच्या चौकशीच्या खिडकीत सगळ्या गाड्या दिसतेत."

मला वाटलं होतं ते चिडतील, रडतील, काय तरी करतील. त्यांनी पिशवीतनं भाकर काढली, निम्मी मला दिली. निम्मीच्या निम्मीला थांबले, डोळे मिटले. मी बघत होतो, माझा घास तोंडात. मला उपकार मानता आले न्हायत. माझं मन अजून त्या नरड्यावरच होतं. मी तेवढंच सांगितलं, मनातल्या मनात, ज्याला सांगायचं त्याला.

राग गेला न्हाय. अजून न्हाय गेला. खोटं कशाला बोलू.

परवाच्या आयतवारी पाळकसाहेबांचं प्रवचन होतं, आन् विषय ऐका: रोजच्या धकाधकीत मन देवाकडं कसं लावावं! माझ्या अंगाचा भडका उडाला. हे शिकवणारा माणूस फाट्यावर शेळ्या हाकतोय आन् हितं त्याच्यावर प्रवचन! पंखा फिरत होता. पुढच्या बाकावर माना डोलत होत्या. थोरले पंच डोळे मिटून, मान सगळ्यांपेक्षा जास्त खाली-वर, अगदी तालात. बाया मेणबत्त्यांगत शांत. मागं एक लेकरू झोपलेलं.

मी मागच्या बाकावर होतो. ठरवून काय केलं न्हाय. तोंड आपोआप उघडलं आन् त्यातनं मामांचा आवाज निघाला, हुबेहूब.

"पाळकसाहेब, जरा मागं घ्या. माझं मन बाहेर गेल्तं."

सगळं चर्च झटक्यात वळलं. थोरल्या पंचांनी असं दचकून बघितलं, की जणू मामा खरंच दारात उभे हायत. मी उभा राहिलो. मला वाटलं, आता हे मला बाहेर काढणार, आन् निघताना मी काय काय बोलायचं ते बी माझं तयार होतं. लई दिवसांचं तयार होतं.

थोरले पंच उठले. "उंहूं, उंहूं..."

"बसा तुम्ही," बायांच्या बाजूनं आवाज आला. त्यांचीच बायको. सगळ्या चर्चची मावशी, चर्चमधी कधी मोठ्यानं न बोललेली. ती उभी राहिली, पदर नीट केला. "घ्या पाळकसाहेब मागं. मी बी न्हवते इथं. मी गॅस बंद केला का न्हाय ते बघायला घरी गेल्ते."

कुणी हसलं न्हाय. मग मधल्या रांगेतनं एक हात वर आला. मग अजून एक. एक म्हातारे मास्तर म्हणले, "मी बी." दुसरे पंच हात वर करावा का नको ह्याच्यात अडकून कान खाजवत बसले. थोरले पंच उभेच होते, तोंड उघडं, आन् खाकरायचं सुद्धा विसरले होते.

पाळकसाहेबांनी चष्मा काढला. सगळ्यांकडं बघितलं. "बरं," ते म्हणले. "कुठनं घेऊ?"

मामा असते तर सांगितलं असतं. मेंढपाळ इथपस्तोर आल्ता, मग मी डाळीवर गेलो. मी आठवायला लागलो. मला आठवंना. मावशीनं शेजारणीकडं बघितलं. शेजारणीनं छताकडं. पुढच्या बाकावर बघितलं तर सगळ्या माना खाली, एक बी डोलत न्हवती.

पाळकसाहेब वाट बघत उभे राहिले. मग त्यांनी समोरच्या कागदावर बोट फिरवलं, वरनं खाली, खालनं वर. कुठवर आलो होतो ते त्यांना बी सापडंना.

त्यांनी रुमालानं चष्मा पुसला, परत डोळ्यावर चढवला आन् पहिल्यापास्नं सुरू केलं.